दहा फेऱ्या आणि पाण्याची चावी

ही गाडी मुळात मातीवर चालवायची नसतेच, हे मला ती घेऊन चाळीस दिवस झाल्यावर कळलं. तोपर्यंत मी तिचे चार टायर बदलले होते, आमच्या डॉक्टरांशी बोलणं सोडलं होतं आणि भर सभेत असं एक वाक्य बोलून बसलो होतो की ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

डॉक्टरांपासून सांगतो, कारण मूळ दोष त्यांचा. वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. गिअर केसाएवढा जरी कमी-जास्त निघाला तरी परत. नोव्हेंबरात निवृत्त झालो आणि घरी बायकोच्या, म्हणजे मीनाक्षीच्या पोळ्या मोजल्या. एकदाच मोजल्या. आठ पोळ्यांच्या व्यासात अकरा मिलिमीटरची तफावत निघाली, ती मी अगदी शांतपणे तिच्या निदर्शनास आणली. दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ब्लडप्रेशर वाढलं होतं तिचं, पण तपासलं माझं.

डॉक्टर म्हणाले, "सेलूकर, छंद लावून घ्या. बागकाम करा."

आमच्या भागात नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं. इथं बागकाम करणाऱ्या माणसाकडे शेजारी कसे बघतात, ते डॉक्टरांना ठाऊक नसावं, कारण ते बंगल्यात राहतात आणि त्यांना बोअर आहे. म्हणून मी पाणी न लागणारा छंद शोधला. पुण्याच्या एका गृहस्थांकडून रिमोटवर चालणारी शर्यतीची बग्गी घेतली. खेळणं म्हणू नका. मीनाक्षी म्हणते, तेवढं पुरे आहे. हिच्यात एकशे चाळीस स्क्रू आहेत, चारही चाकांना स्प्रिंगा आणि तेल भरलेले शॉक-अॅब्सॉर्बर आहेत, आणि मोटर आहे गाडीच्या पोटात, म्हणजे मागच्या आसाच्या पुढे. याला मिड-मोटर म्हणतात. ते गृहस्थ ही गाडी एका हॉलमध्ये गालिच्यावर पळवायचे. गालिच्यावर चाकं घट्ट धरतात, त्यामुळे वजन मध्ये असलं की गाडी चटकन वळते. सुट्या मातीवर सगळं उलटं. तिथं मागच्या चाकांवर वजन लागतं, नाहीतर ती नुसतीच गरगरतात आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते. हे सगळं मला त्या गृहस्थांनी पुढे फोनवर फार प्रेमानं समजावून सांगितलं. गाडी विकताना मात्र त्यांना घशाचा त्रास होत असावा.

आमच्या सोसायटीच्या मधोमध मैदान आहे. मैदान म्हणजे मुरुमावर चार बोटं पांढरी धूळ. डिसेंबरातल्या एका सकाळी मी गाडी तिथं ठेवली, रिमोटची कळ जरा दाबली आणि गाडी जागच्या जागी तीन गिरक्या घेऊन ज्या दिशेनं जायला नको त्याच दिशेनं सुसाट गेली. त्या दिशेला बी विंगच्या चंपाबाईंनी पलंगपोस टाकून संक्रांतीसाठी धुतलेले तीळ वाळत घातले होते.

"आत्ता काय करावं या मानसाला!" चंपाबाई गॅलरीतून ओरडल्या. "तीनदा धुतले व्हते मी! तीनदा! अन् पाणी कुठलं आणू आता?"

मी तीळ निवडून देतो म्हणालो. त्यांनी खरंच दिले. साडेतीन किलो तिळांतून मुरूम निवडताना भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं मला सल्ला दिला. चंपाबाईंचं म्हणणं, गाडीची दृष्ट काढा. सी विंगचा हिमांशू, जो घरूनच एका कंपनीचं संगणकाचं काम करतो आणि दुपारी अर्ध्या चड्डीत दिसतो, म्हणाला, "काका, इंटरनेटवर सगळं आहे. तुम्ही उगीच डोकं लावता." आणि आमचे अध्यक्ष साहेबराव, जे कन्नडकडच्या साखर कारखान्यातून गाडीतळाचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेत, त्यांनी गाडी हातात घेऊन वरखाली केली आणि म्हणाले, "सेलूकर साहेब, मागं वजन टाका. रिकामी ट्रॉली अशीच उधळती. ऊस भरला की कशी गप चालती बघा."

आता, मी एकतीस वर्षं गिअर तपासले आहेत. उसाच्या ट्रॉलीचं उदाहरण ऐकून मी फक्त हसलो. ते हसणं साहेबरावांना दिसलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सोसायटीची सभा होती. इथं एक गोष्ट सांगायला हवी. सोसायटीची एक तांत्रिक समिती आहे आणि तिचा अध्यक्ष, सचिव आणि सदस्य मीच आहे. टाकीचं पाणी मैदानाच्या नळाला आणि विंगांना सोडणारा व्हॉल्व्ह एका लोखंडी पेटीत असतो, त्या पेटीला कुलूप असतं आणि त्याची एकमेव चावी माझ्याकडे असते. निवृत्त झाल्यापासून मला 'साहेब' म्हणायचं कारण जगात एवढंच उरलं होतं. कारखान्यात नवा इन्स्पेक्टर आला, त्यानं माझं टेबल खिडकीपाशी सरकवलं असं ऐकलं. चावी मात्र माझी होती. पाणी येण्याच्या दिवशी जिन्यातून उतरताना माणसं बाजूला व्हायची. मला ते आवडायचं, उगीच खोटं कशाला बोलू.

त्या सभेत हिमांशू उठला आणि म्हणाला, पाण्याचं काम मोबाइलवरच्या अॅपनं करावं, चावी त्याच्याकडे द्यावी. मी म्हणालो, पाणी हा तांत्रिक विषय आहे. यावर साहेबराव सावकाश म्हणाले, "तुमचं तंत्र त्या गाडीवर तरी चालतंय का, साहेब? मैनाभर बघतोय. गोल गोल फिरतीया नुसती."

सगळे हसले. चंपाबाई सगळ्यांत जास्त. आणि मी उभा राहून म्हणालो, "प्रजासत्ताक दिनी झेंडावंदन झालं की याच मैदानावर दहा फेऱ्या मारून दाखवतो. एकदाही उलटली किंवा फिरली, तर चावी हिमांशूला."

आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमतानं मंजूर झालेला हा पहिला ठराव.

बावीस दिवस हातात होते. त्यातले पाच साहेबरावांनी खाल्ले. त्यांचं म्हणणं, मैदान कागदोपत्री खुली जागा आहे, उद्या कोणी तक्रार केली तर अध्यक्ष म्हणून ते गोत्यात येतील, तेव्हा परवानगी आणा. ती परवानगी कोणत्या कार्यालयात मिळते ते सांगत नाही. तिथल्या कारकुनानं छापील अर्ज पुढे ओढला. त्यात लग्न होतं, सप्ताह होता, सभा होती, क्रिकेट होतं आणि शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत होती.

"शर्यत म्हणता ना? मग शंकरपटातच टाकावं लागंल. बैल किती?"

"एकही नाही."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "मग वढतंय कोण?"

अर्ध्या तासानं असं ठरलं की सदर वाहनास कोणतेही जनावर जुंपले जाणार नाही असं मी शपथपत्र करून द्यावं आणि त्यावर गुरांच्या डॉक्टरांची सही आणावी. मी म्हणालो, जनावर नाहीच तर डॉक्टर सही कशावर करणार? कारकून म्हणाला, "जनावर नाय, यावरच." गुरांच्या दवाखान्यात एक म्हैस आणि दोन शेळ्यांच्या मागे नंबर लागला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी गाडी टेबलावर घेतली, सवयीनं उलटी करून पाहिली, मागच्या चाकांवरून हात फिरवला आणि "हिच्या मागच्या पायांत जोर नाही हो" असं म्हणून सही केली. म्हणजे साहेबरावांचं मत आता वैद्यकीयदृष्ट्याही सिद्ध झालं होतं.

तरी मी वजन टाकलं नाही. माणसाला काही तत्त्व असतं. मी म्हणालो, आधी शास्त्रशुद्ध बाकीचं करू. पहिल्यांदा शॉक-अॅब्सॉर्बरमधलं घट्ट तेल काढून पातळ भरायचं ठरवलं, म्हणजे खड्ड्यांत चाकं जमीन सोडणार नाहीत. त्याचं खास तेल मागवलं ते येईना, म्हणून शिलाई मशीनचं तेल भरलं. रात्रीतून आतल्या रबरी कड्या फुगल्या आणि सकाळी चारही पाय ताठ. शिवाय मीनाक्षीची मशीन कोरडी पडून ब्लाउजचा दोरा तुटायला लागला. मग स्प्रिंगा मऊ केल्या. गाडी पोटावर घासायला लागली. मग चाकं काटेरी आणली. त्या काट्यांनी धूळ अशी उडाली की ए विंगच्या पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींबद्दल मला लेखी पत्र आलं. पत्राची प्रत अध्यक्षांना.

राहता राहिला एक उपाय, मैदान ओलं करायचा. ओली माती दबते, चाकांना धरते, जवळजवळ गालिचाच होतो तिचा. पण पाण्याची चावी ज्याच्या हातात, त्यानंच सोसायटीचं पाणी धुळीत ओतलं तर लोक काय म्हणतील? मी फक्त आमच्या घरातलं वाया जाणारं पाणी घेतलं. फिल्टरमधून गळणारं, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. तीन दिवस साठवून दोन बादल्या मैदानावर शिंपडल्या. मुरुमानं त्या अशा गिळल्या की दहा मिनिटांत जागाही सापडेना. गॅलरीतून मात्र नऊ माणसांनी पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत सेलूकरांनी दोन टँकर मातीत घातल्याची बातमी दुधवाल्यापर्यंत गेली.

त्या दिवसांत मी रोज रात्री जेवताना एकच रडगाणं गात असे. मैदान ओलं असतं तर! नुसतं ओलं असतं तर गाडी अशी गेली असती, तशी वळली असती. मीनाक्षी वरण वाढायची. तिला मोटर पुढे की मागे यात रस नव्हता. पण मी तीन दिवसांत दोन पोळ्यांवर आलो होतो, ते तिनं मोजलं होतं.

चोवीस तारखेला मी हरलो. म्हणजे तत्त्वानं हरलो. टायरच्या दुकानात चाकाचा तोल साधायला शिशाचे तुकडे चिकटवतात, तसले सहा तुकडे आणले, दार लावून घेतलं आणि गाडीच्या मागच्या टोकाला चिकटवले. बॅटरीही जाईल तितकी मागे सरकवली. पंचवीसच्या संध्याकाळी मैदानावर कोणी नाही असं बघून गाडी सोडली. धुरळा उडाला, पण गाडी सरळ गेली. वळली. पुन्हा सरळ गेली. बारा फेऱ्या मारल्या, एकदाही शेपूट हलली नाही. ऊस भरलेली ट्रॉली कशी गप चालते, ते मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आनंदानं घरी आलो आणि जिन्यातच थांबलो. मीनाक्षीला सांगितलं, तर ती विचारणार, कशानं जमलं? वजन टाकलं म्हटलं, तर म्हणणार, म्हणजे साहेबराव म्हणत होते तेच ना? आणि सकाळी भाजीच्या गाडीवर साहेबरावांच्या सौ. भेटल्या की तिच्या तोंडून ते निघणारच. म्हणून मी चेहरा लांब करून जेवलो. तिनं विचारलं, "जमलं का हो काही?" मी नुसता सुस्कारा टाकला. तो सुस्कारा मला फार छान जमला होता.

सव्वीसला सकाळी सव्वासातला गाडी काखेत घेऊन खाली उतरलो आणि शेवटच्या पायरीवरच बसलो.

सगळं मैदान ओलं होतं. असंतसं नाही, चांगला पाऊस पडून गेल्यासारखं काळंभोर, दबलेलं, सारवल्यासारखं गुळगुळीत. सणाच्या दिवशी दारात सडा घालतात तसा पूर्ण मैदानभर सडा घातला होता. झेंड्याच्या खांबाभोवती चंपाबाई रांगोळी काढत होत्या. "लई छान वाटतंय ना साहेब? धूळ म्हून नाय आज."

माझी गाडी सुट्या धुळीसाठी बांधलेली. मागे शिसं, मागे बॅटरी. या ओल्या, धरणाऱ्या जमिनीवर पुढची चाकं हलकी पडून ती वळणारच नाही, सरळ रांगोळीत जाणार हे मला गाडी खाली न ठेवता कळलं. आणि ज्या गाडीवर मी बावीस दिवस दातओठ खात होतो, ती, जशी पुण्याहून आली होती तशी, या जमिनीवर हुशार पोरीसारखी धावली असती.

झेंडावंदन झालं. राष्ट्रगीत झालं. मग प्रमुख पाहुणे, एक निवृत्त मुख्याध्यापक, भाषणाला उभे राहिले. मी खुर्च्यांच्या मागे पारावर जाऊन बसलो आणि नखांनी शिसं खरवडायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं की पाहुण्यांनी थांबू नये. ते थांबलेही नाहीत. स्वातंत्र्यपूर्व काळात असताना माझे तीन तुकडे निघाले, मुक्तिसंग्रामात आणखी दोन. सहावा निघेना, तो घटनेच्या वेळी दातांनी काढला. पाहुणे आजच्या तरुण पिढीकडे वळले तेव्हा मी बॅटरी पुढे सरकवून शेवटचा स्क्रू आवळत होतो.

"आता सेलूकर साहेब," साहेबरावांनी माइकवर जाहीर केलं. "ठराव क्रमांक चार."

मी कळ दाबली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. गाडी रांगोळीच्या कडेनं वीतभर अंतर ठेवून वळत होती. चौथ्या फेरीला मुलांनी मोजायला सुरुवात केली. सातव्याला चंपाबाईही मोजायला लागल्या. नवव्याला माझा अंगठा कळेवरून घसरला, गाडीची शेपूट जराशी हलली आणि सावरली. दहा! टाळ्या पडल्या. हिमांशूनं शिट्टी मारली. साहेबराव पुढे आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जिंकलात बुवा. चावी तुमचीच." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसतोय असं दाखवलं.

एवढ्यात सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "अहो, नळाला पाणी नाही!" मग बी विंगमधून, मग ए. हिमांशू पळत गच्चीवर जाऊन आला. "टाकी कोरडी आहे. तळ दिसतोय."

पुढचं पाणी तीन दिवसांनी. सुट्टीचा दिवस. घरोघर पाहुणे. सगळे एकदम आपल्या पायांखालच्या ओल्या मातीकडे बघायला लागले, आणि मग माझ्याकडे.

"व्हॉल्व्ह कुनी सोडला?" साहेबरावांचा आवाज बदलला होता. "चावी तर एकच हाय."

चावी देवघराच्या कोनाड्यात असते. हे मला आणि आणखी एकाच माणसाला ठाऊक. मी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. मीनाक्षी कडेला उभी होती. ठेवणीतली साडी, आणि काठ चांगला वीतभर भिजलेला. पहाटे उठून हिनं चंपाबाईंना आणि आणखी दोघींना गोळा केलं असणार, झेंड्यासाठी सडा घालू या, सेलूकरांनी सांगितलंय म्हणाली असणार. पाइप धरून तासभर सगळं मैदान भिजवलं असणार, आणि टाकीत किती असतं याचा हिला अंदाज कुठला? इतके दिवस ऐकलं होतं तिनं, मैदान ओलं असतं तर. तिनं माझ्याकडे पाहिलं, चेहरा पांढरा पडला होता. तिनं तोंड उघडलं.

"मी सोडला," मी म्हणालो.

चंपाबाई म्हणाल्या, "अगं बाई! शर्यतीसाठी?"

"शर्यतीसाठी."

साहेबरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "साहेब, तुम्ही तर एका बादलीचा हिशेब मागायचे आमाला," ते हळू आवाजात म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग ते टँकरला फोन करायला गेले, लोकही बुंदी घेऊन पांगले. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही खोटा शेरा गेला नव्हता, आणि गेला तो दोनशे माणसांसमोर.

घरी आल्यावर मीनाक्षी स्वयंपाकघरातच उभी राहिली.

"मला वाटलं, तुम्हाला ओलं हवं होतं."

"हवं होतं. परवापर्यंत."

"मग कालच सांगायचं होतं ना, कोरड्यावर जमतंय म्हणून!" ती म्हणाली. "मी काय पेपरात छापणार होते?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते साहेबरावांपाशी सुरू होऊन माझ्यापाशी संपत होतं, म्हणून मी दिलं नाही. म्हणालो, साडी बदल, सर्दी होईल. ती नाक ओढत म्हणाली, बदलते, पण भिजलेली धुवायला पाणी कुठंय. आणि मग आम्ही दोघंही हसलो, फार वेळ, पोळ्या मोजल्यापासून पहिल्यांदा.

बेल वाजली. दारात हिमांशू, आज पूर्ण पॅंटमध्ये. मान खाली घालून उभा.

"काका, सॉरी. अध्यक्षांनी चावी आणायला सांगितलंय."

मी कोनाड्यातून चावी आणली आणि त्याच्या हातावर ठेवली. ठेवताना हात जरा रेंगाळला. तो निघाला, मग दोन पायऱ्या उतरून परत वर आला.

"काका, तो व्हॉल्व्ह किती फेरे फिरवायचा असतो?"

मी तोंड उघडायच्या आत आतून मीनाक्षीचा आवाज आला, "साडेतीन. अन् शेवटचा अर्धा जोर लावून, फार घट्ट आहे मेला."

हिमांशूनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पोरगं हुशार आहे, उगीच नाही कंपनी त्याला घरबसल्या पगार देत.

"साडेतीन," मी म्हणालो, आणि दार लावून घेतलं.